मालक, गट आणि बाकीचे सारे

धर्माबाद तालुक्यातल्या कुठल्याही शेताचा सातबारा घ्या. जमीन कुणाची, हे गाव नमुना ७ सांगतो. पण ती नोंद बदलण्याचा हक्क मालकाला नसतो. फेरफार तलाठी लिहितो, मंडळ अधिकारी प्रमाणित करतो आणि उतारा मात्र कुणालाही वाचता येतो. २०२१ साली ई-पीक पाहणी आली तेव्हा पिकाच्या रकान्यापुरता लिहिण्याचा हक्क शेतकऱ्याकडे आला. मालकी एकाची, लेखणी दुसऱ्याची, वाचन सगळ्यांचं. सर्व्हरवरच्या प्रत्येक फाइलबद्दल हेच ठरवावं लागतं, आणि ते कुणी व कधी ठरवायचं याला पन्नास वर्षांहून मोठा इतिहास आहे.

१९६०च्या दशकातल्या मल्टिक्स प्रणालीत फाइलगणिक कुणाला काय करता येईल याची नावनिशीवार यादी ठेवता येई. त्या प्रकल्पातून बेल लॅब्ज १९६९ मध्ये बाहेर पडली आणि केन थॉम्पसन, डेनिस रिची यांनी लहानशा यंत्रावर युनिक्स उभी केली. त्यांनी यादीऐवजी मोजके बिट वापरले. नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या पुस्तिकेत परवानगी बदलणारी ‘चमॉड’ आणि मालक बदलणारी ‘चओन’ या दोन्ही आज्ञा आहेत, पण माणसं दोनच प्रकारची: मालक आणि इतर. मधला ‘गट’ नंतर आला. वाचणे, लिहिणे, चालवणे या तीन मुभा तीन वर्गांना वाटल्या की नऊ बिट होतात. प्रत्येक वर्गाला एक अंक देणारे ६४४ किंवा ७५५ हे अष्टमान आकडे तिथूनच आले. इतकी काटकसरी रचना इतकी टिकली, याचं मला आजही मनापासून कौतुक वाटतं.

यंत्रं वाढली तशी मात्र हाताने दिलेली आज्ञा पुरेना. रात्री काहीतरी अडतं, कुणीतरी ‘७७७ देऊन टाक’, म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा दे, असं म्हणतं, काम चालू होतं आणि ते दार तसंच उघडं राहतं. १९९३ मध्ये ऑस्लोत मार्क बर्जेस या भौतिकशास्त्रज्ञाने विद्यापीठातली निरनिराळी युनिक्स यंत्रं सांभाळण्यासाठी ‘सीएफइंजिन’ लिहिलं. माझ्या मते या वंशावळीतलं खरं वळण हेच. आता फाइल कशी असावी हे लिहून ठेवायचं. प्रत्यक्षात ती तशी नसेल तर साधन तिला तसं करतं, आणि असेल तर हात लावत नाही.

ल्यूक केनीजच्या ‘पपेट’ने २००५ मध्ये हेच पुढे नेलं. फाइलच्या वर्णनात मालक, गट आणि मोड, म्हणजे परवानगीचा आकडा, लिहायचे. यंत्रावरचा एजंट मूळ मांडणीत दर अर्ध्या तासाने येऊन पडताळतो. रात्रीचं ७७७ पुढच्या फेरीत पुसलं जातं. त्यामागून २००९ मध्ये ‘शेफ’, २०११ मध्ये ‘सॉल्ट’ आणि २०१२ मध्ये मायकेल डीहानचं ‘अन्सिबल’ आलं.

अन्सिबलमध्ये एक खोच आहे आणि ती शिकाऊ मुलांना आवर्जून सांगायला हवी. मोड ६४४ असा अवतरणचिन्हांशिवाय आणि पुढचं शून्य न देता लिहिला, तर तो साध्या दशमान पद्धतीत वाचला जातो. अष्टमानात त्याचे होतात १२०४. म्हणजे मालकाला फक्त लिहिता येतं, स्वतःची फाइल वाचता येत नाही. गटाला काहीच नाही. आणि परक्याला ती खुशाल वाचता येते. पपेटने चौथ्या आवृत्तीपासून मोड अवतरणातच हवा असा नियम केला, तो मला योग्य वाटतो.

मोड न लिहिणं त्याहून घातक. २०२० मध्ये अन्सिबलमधली एक त्रुटी अधिकृतपणे नोंदली गेली: मोड न सांगता नवी फाइल जागेवर ठेवली, तर ती सगळ्यांना वाचता येईल अशी होऊ शकत होती. त्या फाइलमध्ये डेटाबेसचा पासवर्ड असेल तर? म्हणून अन्सिबल-लिंट हे तपासनीस साधन आज मोड न लिहिलेल्या अशा कामांवर बोट ठेवतं. गुपित ठेवणाऱ्या फाइलला मालक, गट आणि ‘०६००’ हा मोड, या तीन ओळी ती फाइल बनवणाऱ्या कामातच लिहायच्या. नंतरच्या वेगळ्या कामात नाही, कारण मधल्या क्षणभरात ती उघडी असते.