कल्याणच्या बत्तीस तबकड्या

पनवेलहून तळोजा, शीळफाटा करत कल्याणला जाणाऱ्या रस्त्यावर ट्रकांची रांग कधी तुटत नाही. त्या रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला, कल्याणजवळ, १९६५ साली एक रेडिओ दुर्बीण सुरू झाली. तिला ना भिंग होते, ना घुमट. मोकळ्या जागेत ओळीने मांडलेल्या ३२ तबकड्या, प्रत्येकीचा व्यास जेमतेम १.८ मीटर, आणि त्यांना जोडणाऱ्या तारा, एवढाच तिचा संसार. ही दुर्बीण भर दिवसा सूर्याकडे रोखलेली असे.

तबकड्याही नव्या कोऱ्या नव्हत्या. सिडनीजवळच्या पॉट्स हिल जलाशयाच्या काठावर ख्रिश्चनसेन या शास्त्रज्ञाने त्या सूर्याच्या अभ्यासासाठी उभारल्या होत्या. गोविंद स्वरूप हे तरुण भारतीय भौतिकशास्त्रज्ञ १९५३ मध्ये ऑस्ट्रेलियात शिकायला गेले आणि सहकारी पार्थसारथी यांच्यासोबत याच तबकड्यांवर काम करू लागले. नवी यंत्रणा येणार म्हणून जुनी मोडीत निघणार, हे कळताच स्वरूपांनी ती भारताला द्या अशी गळ घातली. ऑस्ट्रेलियाने उदारपणे होकार दिला. पुढे वाहतुकीच्या खर्चावरून घोळ झाला, पण अखेर तबकड्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत पोचल्या. स्वरूप तोवर अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले होते. होमी भाभांनी त्यांना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावून घेतले. १९६३ मध्ये ते मुंबईत रुजू झाले आणि त्यांच्यामागोमाग तबकड्याही दिल्लीहून इकडे आल्या.

एवढ्याशा तबकडीने दिसते तरी काय? एकटीने जवळजवळ काहीच नाही. कल्याणची यंत्रणा ६१० मेगाहर्ट्झवर, म्हणजे सुमारे अर्ध्या मीटर लांबीच्या रेडिओ लहरींवर चाले. या लहरींसाठी १.८ मीटरची तबकडी इतकी लहान की तिला अर्ध्या अंशाच्या सूर्यबिंबातला तपशील वेगळा काढता येत नाही. म्हणून २४ तबकड्या पूर्व-पश्चिम ६३० मीटरवर आणि ८ दक्षिणोत्तर २५६ मीटरवर मांडल्या गेल्या. सगळ्यांचे संदेश एकत्र केले की तपशिलापुरते काम ६३० मीटर रुंदीच्या दुर्बिणीसारखे होते. पृथ्वी फिरते तसा सूर्य तिच्या नजरेच्या बारीक पट्ट्यांमधून सरकत जातो आणि प्रत्येक पट्टीतल्या तेजाची नोंद होते. हाती येतो तो फोटो नव्हे, तर चढउतारांचा आलेख. त्याचे चित्र करायचे ते आकडेमोडीने. सिडनीत ख्रिश्चनसेन आणि वॉरबर्टन यांनी १९५५ मध्ये वेगवेगळ्या कोनांतल्या अशा पट्ट्या जुळवून सूर्याचा द्विमितीय नकाशा काढला होता, तोही हाताने हिशेब करून.

कल्याणला सरमा, जोशी, कपाही अशी तरुण फळी कामाला लागली. डोळ्यांना एरवी फक्त खग्रास ग्रहणात दिसणारे सूर्याचे प्रभामंडल या लहरींवर रोज ‘दिसे’. ते सुमारे दहा लाख अंश तापलेले असल्याचे आणि या लहरींवर शांत सूर्याची कड उजळ असल्याचे कल्याणच्या नोंदींनी दाखवले.

तीनेक वर्षांत हे काम आटोपले. तीच मंडळी मग उटीला गेली. तिथे ११ अंशांच्या उतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण १९७० मध्ये उभी राहिली. उटीचा अक्षांशही ११ अंशच, त्यामुळे दुर्बिणीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला आपोआप समांतर झाला आणि एका अक्षावर फिरवून तासन्‌तास एकाच ताऱ्याचा माग काढता येऊ लागला.

अनेक तबकड्या जोडण्याचा कल्याणचा धडा खरा मोठा झाला तो जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडदला. तबकड्या पुन्हा तिशीतल्याच, ३०. पण एकेक ४५ मीटर व्यासाची आणि मांडणी २५ किलोमीटरवर पसरलेली. पत्र्याऐवजी स्टेनलेस स्टीलच्या तारांची जाळी वापरल्याने वजन घटले, वाऱ्याचा जोर कमी झाला आणि खर्च आवाक्यात आला. खोडद निवडले ते तिथल्या रेडिओ शांततेसाठी. डोंगरांची आडही होतीच. ४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटांच्या हस्ते ही ‘जीएमआरटी’ नावाची महाकाय रेडिओ दुर्बीण राष्ट्राला अर्पण झाली.

१९ ऑक्टोबर २०१६ रोजी खोडदने चक्क मंगळाकडे कान लावले. युरोपचे ‘शियापारेली’ यान तिथे उतरत होते आणि त्याचा क्षीण संदेश जीएमआरटी थेट टिपत होती. उतरण्याच्या अपेक्षित वेळेआधीच संदेश तुटला. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाने त्या जागेचे छायाचित्र घेतले, त्यात यान आदळल्याचा नवा काळा डाग होता. चौकशीत कारण निघाले: फिरण्याचा वेग मोजणारे उपकरण क्षणभर कमाल मर्यादेला अडकले आणि यान जमिनीखाली पोचले आहे असा संगणकाचा समज झाला. त्याने हवाई छत्री वेळेआधी सोडून दिली, तेव्हा यान अजून साडेतीन किलोमीटरहून अधिक उंचीवर होते.