जळून जाणारे सूत : झिंक ऑक्साईडच्या तंतूंचा पूर्वेतिहास (थ्रेड)

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मूर्ती ओतण्याची रीत दिली आहे. आधी मेणाची मूर्ती करावी, तिच्या वजनावरून धातू किती लागेल ते ठरवावे, तिच्यावर मातीचे लेप द्यावेत आणि तापवून मेण वाहू द्यावे. रिकाम्या झालेल्या जागेत धातूचा रस ओतायचा. मेण असते ते नाहीसे होण्यासाठीच.

रंगमिश्रित सांडपाणी शुद्ध करू पाहणाऱ्या आजच्या प्रयोगशाळांत हीच युक्ती दिसते. मेणाच्या जागी तेथे सूत असते. (सोमेश्वरापासून या प्रयोगशाळांपर्यंत कोणतीही परंपरा चालत आलेली नाही. साम्य म्हणजे वारसा नव्हे, हे येथेच सांगितलेले बरे.)

हे सूत विजेने कातले जाते. जॉन कूली याला १९०२ मध्ये अमेरिकेत या तंत्राचे पेटंट मिळाले, तर १९३४ मध्ये अँटोन फॉर्महाल्स याने कृत्रिम धाग्यांसाठी पेटंट घेतले. दोघांच्याही पेटंटांतून मोठा उद्योग उभा राहिला नाही. सोव्हिएत रशियात मात्र १९३० च्या दशकाच्या अखेरीस पेत्र्यानोव्ह-सोकोलोव्ह आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशा तंतूंच्या गाळण्या केल्या आणि त्या विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांत बसवल्या. पाश्चात्त्य विद्यापीठांत या तंत्राकडे पुन्हा लक्ष गेले ते १९९० च्या दशकात, विशेषतः अ‍ॅक्रन येथील डॅरेल रेनेकर यांच्या कामामुळे. युद्धसामग्रीच्या गुप्ततेत अडकलेले ज्ञान दुसरीकडे नव्याने शोधावे लागते, याचे हे ठळक उदाहरण.

केनवडसारख्या वऱ्हाडी गावाच्या शिवारातला कापसाचा तंतू साधारण १५ मायक्रोमीटर जाड असतो. विजेने कातलेला तंतू त्याच्या कित्येक पट बारीक, बहुधा काही शे नॅनोमीटरचा.

झिंक ऑक्साईडसाठी पॉलिव्हिनाइल अल्कोहोल आणि झिंक अ‍ॅसिटेट यांचे पाण्यातले द्रावण सुईतून सोडतात व सुईला हजारो व्होल्टचा दाब देतात. थेंब निमुळता होतो, धार ताणली जाते, पाणी उडून जाते आणि तंतूंची जाळी साचते. ती सुमारे ५०० अंश सेल्सिअसला भाजली की पॉलिमर जळतो, अ‍ॅसिटेटचे ऑक्साईड होते. मागे उरतात एकमेकांना चिकटलेले सूक्ष्म कण, सुताच्याच आकारात. प्रकाश पडला की त्यांच्या पृष्ठभागावर रंगद्रव्याचे रेणू तुटू लागतात.

हा खटाटोप कशासाठी? भुकटीही हे काम करते, पण ती पाण्यातून परत काढणे जिकिरीचे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात काचेवर झिंक ऑक्साईडचे पातळ थर फवारून रंगद्रव्ये विघटित करण्याचे प्रयोग झाले. थर जागेवर राहतो, मात्र त्याचा पृष्ठभाग मर्यादित. तंतूंच्या जाळीत दोन्ही गुण साधण्याची आशा आहे. अडचण अशी की भाजलेली जाळी ठिसूळ होते. शिवाय झिंक ऑक्साईडला अतिनील किरण लागतात, सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा जेमतेम ५ टक्के. आणि त्याच किरणांखाली झिंक ऑक्साईड स्वतःही हळूहळू पाण्यात विरघळू लागते.