जळक्या निगेटिव्हची डिस्क

हावड्याहून निघालेली मेन लाइनची लोकल बर्धमानला पोचण्याआधी पालसिट नावाच्या एका लहानशा स्टेशनावर थांबते. १९५२ च्या ऑक्टोबरात सत्यजित राय आपल्या पहिल्या चित्रपटासाठी, ‘पथेर पांचाली’साठी, इथल्या काशफुलांच्या रानात कॅमेरा घेऊन उतरले. तेव्हा ते कोलकात्यातल्या एका जाहिरात कंपनीत नोकरी करत होते आणि चित्रीकरणाला सुट्टीचा दिवसच काय तो मिळे. अर्धं काम झालं. पुढच्या खेपेला मंडळी परत आली, तर गुरांनी फुलं फस्त केलेली! मग पुढचा काश फुलेपर्यंत थांबणं आलं. पांढऱ्या फुलांच्या पलीकडून गाडीचा काळा धूर जायला हवा, हा रायांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांचा माणूस इंजिनावर चढला आणि नेमक्या वेळी भट्टीत कोळसा टाकायला लावला.

‘पथेर पांचाली’ची कोणतीही घरगुती प्रत तपासायची असेल, तर हेच दृश्य आधी लावावं. फुलांचे तुरे सुटे दिसतात की त्यांचा नुसता पांढरा लगदा होतो? धुरात काळ्याच्या छटा आहेत की सपाट डांबर? बरीच वर्षं याचं उत्तर निराशाजनक होतं. टीव्हीवरून दिसलेला किंवा झिजलेल्या प्रिंटवरून कॅसेटवर उतरलेला ‘पथेर पांचाली’ पाहून पिढ्यांनी ठरवून टाकलं, की जुना, गरिबीत काढलेला सिनेमा असाच दिसायचा. खरं तर हा छायाचित्रकार सुब्रत मित्र यांच्यावर अन्याय होता.

मित्र तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचे होते आणि त्याआधी त्यांनी सिनेमाचा कॅमेरा चालवला नव्हता. पुढच्याच ‘अपराजितो’त त्यांनी जे केलं, ते छायाचित्रणाच्या इतिहासात गेलं. कथानायक अपूचा बाप हरिहर याच्या बनारसमधल्या घराचा सेट कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्त यांनी कोलकात्याच्या स्टुडिओत उभा केला. अशा घरात उजेड वरून, उघड्या चौकातून झिरपतो आणि त्याला सावली जवळजवळ नसते. तो स्टुडिओतल्या दिव्यांनी आणता येणार नाही, म्हणून मित्रांचा सेटलाच विरोध होता. वादात ते हरले. मग त्यांनी चौकावर पांढरं कापड ताणलं आणि दिवे त्या कापडावर सोडून परतून आलेला उजेड वापरला. सगळी करामत करड्या रंगाच्या मधल्या छटांमध्ये आहे. प्रत काढताना कुणी काळं-पांढरं उठावदार करायला गेलं, की ते कापड ताणण्याचे कष्ट पाण्यात.

आता या निगेटिव्हचं पुढे काय झालं, ते पाहू. १९९२ मध्ये रायांना मानद ऑस्कर जाहीर झालं. समारंभात दाखवायला तुकडे निवडताना अमेरिकेतल्या मंडळींच्या लक्षात आलं, की धड प्रिंटच मिळत नाहीत. रायांनी कोलकात्याच्या रुग्णालयातल्या खाटेवरून पुरस्कार स्वीकारला आणि २३ एप्रिलला ते गेले. त्यांचे चित्रपट वाचवण्यासाठी मूळ निगेटिव्ह लंडनच्या हेंडरसन प्रयोगशाळेत पाठवण्यात आली. जुलै १९९३ मध्ये तिथे आग लागली. वाचवायला नेलेलं तिथेच होरपळलं.

मराठी वाचकाला अशा आगीची ओळख नव्याने करून द्यायला नको. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारात नायट्रेट फितींचा साठा पेटला होता.

लंडनच्या जळक्या डब्यांचं कुणी काही करू शकेल, असं तेव्हा वाटत नव्हतं. तरी ऑस्कर देणाऱ्या अमेरिकेच्या अकादमीने ते फेकले नाहीत, हे महत्त्वाचं. १९९५ मध्ये मर्चंट-आयव्हरी या निर्मितीसंस्थेच्या पुढाकाराने अपूच्या कथेचे तीन चित्रपट उपलब्ध प्रतींवरून पुन्हा पडद्यावर आले. मग २०१३ मध्ये क्रायटेरियन कंपनीने ते डबे उघडायला लावले. इटलीत बोलोन्याच्या ‘लिमाजिने रित्रोवाता’ प्रयोगशाळेत ठिसूळ झालेल्या फिती रसायनांनी पुन्हा लवचीक केल्या गेल्या. वितळलेली चिकटपट्टी आणि गोंद खरवडून काढला, कडांची भोकं नव्याने बसवली. हाताचं हे काम जवळपास हजार तासांचं झालं. ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के आणि ‘अपराजितो’चा ६० टक्क्यांहून अधिक भाग मूळ निगेटिव्हवरून मिळाला. उरलेल्यासाठी जगभरच्या संग्रहांतल्या प्रती धुंडाळल्या. स्कॅन ४के दर्जाचं झालं. मे १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्या आधुनिक कला संग्रहालयात ‘पथेर पांचाली’ जगात प्रथम दाखवला गेला, तिथेच मे २०१५ मध्ये नवी प्रत उलगडली. त्याच नोव्हेंबरात तिन्ही चित्रपटांचा ब्लू-रे संच आला.

ही डिस्क चकाचक नाही, आणि हाच तिचा सर्वांत मोठा गुण. फितीवरचे दाणे, म्हणजे ग्रेन, तिच्यावर जिवंत आहेत. संगणकाने ते पुसणं सोपं असतं, पण दाण्यांबरोबर कातडीचा पोत, कपड्याची वीण आणि पावसाची रेघही पुसली जाते, आणि चेहरे मेणाच्या बाहुल्यांसारखे होतात. जपानी ॲनिमेचे चाहते याबाबत फार जागरूक आहेत. २००७ मध्ये अमेरिकेत ‘ड्रॅगन बॉल झेड’ मालिकेच्या डीव्हीडींचे नारिंगी खोके बाजारात आले. जवळपास चौकोनी चित्र रुंद टीव्हीत बसवण्यासाठी वरून-खालून कापलं होतं आणि ग्रेनही घासून काढले होते. जाहिरात मात्र नव्याने उजळलेल्या आवृत्तीची! चाहत्यांचा त्यावरचा राग अजून शमलेला नाही. बोलोन्यात अपूच्या चौकटीला कुणी हात लावला नाही.

संच सरसकट एकसारखा मात्र नाही. तिसऱ्या ‘अपुर संसार’ची निगेटिव्ह वापरण्याजोगी उरली नव्हती, तिथे दुसऱ्या पिढीच्या प्रतींवरच भिस्त ठेवावी लागली. लक्ष देऊन पाहणाऱ्याला मूळ निगेटिव्ह आणि प्रत यांतला फरक तीन चित्रपटांत मिळून जाणवतो. तो झाकायला धारदारपणा वाढवला नाही, हे बरं झालं.

रायांचे बाकीचे चित्रपट आपल्याकडेही हाताळले गेले. ‘प्रतिद्वंद्वी’ राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेत दुरुस्त होऊन २०२२ मध्ये कान चित्रपट महोत्सवाला गेला. ‘अरण्येर दिन रात्रि’ २०२५ मध्ये तिथेच दाखवला गेला, आणि त्या कामात मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनचा वाटा होता. त्याची मूळ निगेटिव्ह निर्मात्या पूर्णिमा दत्त यांनी जपून ठेवली होती, त्यामुळे बोलोन्याच्या तंत्रज्ञांना या वेळी जळके डबे उघडावे लागले नाहीत.