पायाखालचे शब्द



मागे आम्ही काही स्वयंसेवक मंडळीचे जुने कपाट आवरत होतो. तळाशी वाळवी लागलेली पवित्र शास्त्रे निघाली. "रद्दीत घालू या," असे कुणीतरी सहज बोलले, आणि सगळ्यांचे हात थांबले. उद्या बालाघाटच्या बाजारात त्याच पानांच्या पुड्यांतून शेंगदाणे मिळतील, हे चित्र डोळ्यांपुढे आले. तेव्हा आम्हांला यहूदी लोकांवर आलेला प्रसंग आठवला.

नियमशास्त्राची गुंडाळी, म्हणजे तोरा, यहूदी लोक चर्मपत्रावर हाताने लिहितात. तिच्यात ३,०४,८०५ अक्षरे असतात आणि ती लिहायला वर्षभर लागते. वाचताना उघडा हात चर्मपत्राला लावत नाहीत, छोट्या काठीने ओळ दाखवतात. जीर्ण झालेली गुंडाळी माणसासारखी पुरतात.

नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत शेकडो सभास्थाने जाळली गेली. पुढे युद्धात नाझींच्या ताब्यातल्या देशांत गुंडाळ्या फाडून त्या कातड्याच्या वस्तू बनवल्या गेल्या. बुटाच्या आत घालायचे तळवे आणि पैशांची पाकिटेही त्यातून शिवली गेली. अशा काही वस्तू जेरुसलेमच्या याद वाशेम संग्रहालयात जपल्या आहेत. ज्या कातड्यावर खुनाला मनाई करणारी आज्ञा लिहिली जाते, तेच कातडे पायाखाली घालून माणसे चालली.

कबरीही सुटल्या नाहीत. ग्रीसमधील थेस्सलनीका हे नाव आपल्याला पौलाच्या पत्रांमुळे ठाऊक आहे. तिथले प्राचीन यहूदी कब्रस्तान डिसेंबर १९४२ पासून उद्ध्वस्त झाले. त्याचे दगड रस्त्यांना आणि इमारतींना लागले, ख्रिस्ती मंदिरांच्या दुरुस्तीतही वापरले गेले. पोलंडमध्ये अशाच दगडांच्या धार लावायच्या चाकांवर शेतकऱ्यांनी विळे घासले.

हे वाचून आमची मान खाली गेली. कारण दगड नेणारे सगळेच नाझी नव्हते. पुष्कळ जण बाप्तिस्मा घेतलेले, रविवारी उपासनेला बसणारे शेजारी होते. दगड फुकट मिळाला, कामाला आला, एवढेच त्यांनी पाहिले.

हे पाप जुनेच आहे. दानीएलाच्या पाचव्या अध्यायात बेलशस्सर राजा मंदिरातली पवित्र पात्रे मागवून त्यांतून मद्य पितो. यिर्मयाच्या छत्तिसाव्या अध्यायात यहोयाकीम राजा गुंडाळी चाकूने कापून शेगडीत टाकतो. पात्रांसोबत माणसेही लुटली गेली होती. १९४२ मध्येही तसेच झाले. थेस्सलनीकेचे दगड उचलल्यावर काही महिन्यांतच, मार्च १९४३ पासून, तिथले यहूदी आउशविट्झला रवाना झाले.

आपल्या कोकणात मात्र बेने इस्राएल लोक शेकडो वर्षे तेलाचे घाणे चालवत राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. त्यांचा शब्बाथ शेजाऱ्यांनी पाळू दिला. मराठी मातीची ही साक्ष आपण विसरू नये.

आम्ही ती जुनी पुस्तके मंदिराच्या आवारात खड्डा करून, प्रार्थना करून पुरली. पण कागद पुरणे सोपे आहे. शेजाऱ्याच्या घरातले जे पवित्र, ते आपल्या सोयीसाठी आपण कधी तुडवले का? रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल आपल्याला कलम केलेली रानटी फांदी म्हणतो आणि मुळांपुढे गर्व करू नका असे बजावतो.

प्रभू आपल्याला नम्र करो. आमेन.