पायटेस्ट : देवनागरी निकाल आणि चाचणी कोसळणे

पायथन ह्या संगणकभाषेतील प्रोग्राम अपेक्षेप्रमाणे चालतो की नाही हे आपोआप तपासणाऱ्या मुक्तस्रोत साधनास पायटेस्ट म्हणतात. नेहमीच्या मांडणीत ते यशस्वी चाचणीसाठी टिंब, फसलेल्या चाचणीसाठी 'एफ' आणि पूर्वतयारीतच बिघाड झाल्यास 'ई' अशा खुणा पडद्यावर उमटवते. तपशीलवार मांडणी मागितली की प्रत्येक चाचणीचे पूर्ण नाव दिसू लागते, आणि मराठी-हिंदी मजकुरावर काम करणाऱ्यांची अडचण तेथूनच सुरू होते.

उदाहरणार्थ, उज्जैनच्या रेल्वेस्थानकाजवळ देवास गेट बसस्थानक आहे. बसथांबे शोधून देणाऱ्या एखाद्या प्रोग्रामच्या चाचणीस हे नाव प्राचल म्हणून, म्हणजे एकाच चाचणीला आळीपाळीने पुरवायच्या मूल्यांपैकी एक म्हणून दिले, तर निकालात ते वाचता येत नाही. 'देवास गेट' ह्यात मधली मोकळी जागा धरून वाचकाला ६ अक्षरे दिसतात. युनिकोड काना-मात्रा वेगळ्या मोजत असल्याने पायथनच्या लेखी ती ९ चिन्हे होतात. आणि निकालात प्रत्येक देवनागरी चिन्हाऐवजी उलटी तिरकी रेघ, 'यू' आणि चार षोडशमान (सोळा पाया असलेले) अंक येत असल्यामुळे तेवढ्या नावाची लांबी ४९ वर्णांवर जाते. त्यातील 'द' ०९२६ ह्या अंकांवरून ओळखावा लागतो. चाचणीच्या फंक्शनचेच नाव देवनागरीत असेल तर ते मात्र जसेच्या तसे दिसते, त्यामुळे नवख्या माणसाला दोष आपल्या फाँटचा वाटतो.

हे रूपांतर थांबवणारा एक पर्याय पायटेस्टच्या मांडणी-फाइलीत देता येतो. त्याचे लांबलचक इंग्रजी नावच सांगते की तो वापरणाऱ्याने समुदायाकडून मदत मिळण्याचे सगळे हक्क सोडले आहेत. सॉफ्टवेअरच्या जगात इतका स्पष्टवक्ता पर्याय विरळाच. ह्या इशाऱ्यामागे कारण आहे. चालू चाचणीचे नाव पायटेस्ट एका पर्यावरणचलात, म्हणजे कार्यप्रणालीने प्रोग्रामसाठी राखलेल्या, नाव दिलेल्या जागेत, लिहून ठेवते, आणि कार्यप्रणाली किंवा जोडलेले प्लगइन देवनागरी नीट हाताळत नसेल तर तेथे बिघाड होऊ शकतो. प्राचलाला रोमी लिपीतील छोटे ओळखनाम देणे हा अधिक सुरक्षित मार्ग होय.

बिघाडाचे दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. विंडोजवर निकाल पडद्याऐवजी फाइलीत वळवला आणि तेथे जुनी संकेतसारणी लागू असली, तर चाचणीतील देवनागरी छपाई संकेतनाच्या त्रुटीने अडू शकते. पण ती एक चाचणी फसून बाकीच्या पुढे चालतात, आणि पायथन ३.७ पासून उपलब्ध असलेली यूटीएफ-८ अवस्था चालू केल्यास ही अडचण सहसा दूर होते. सी भाषेतील एखाद्या विस्ताराने भलत्याच स्मृतिस्थानाला हात घातला की मात्र सगळी प्रक्रियाच कोसळते आणि निकालाचा सारांश छापलाच जात नाही. पायटेस्टचे स्वतःचे निर्गमनांक, म्हणजे प्रक्रिया संपताना कळवले जाणारे अंक, ० ते ५ असतात, त्यामुळे लिनक्सवर १३९ (१२८ अधिक ११ क्रमांकाचा संकेत) दिसला तर दोष स्मृतीच्या गैरवापरात आणि १३७ दिसला तर प्रक्रिया बाहेरून मारली गेली, बहुधा स्मृती संपल्यामुळे, असे समजून शोध घ्यावा. प्लगइन एकेक करून बंद करत जाणे ही शोधाची जुनी पण खात्रीची पद्धत आहे.

आवृत्ती ५.० पासून पायटेस्टमध्ये समाविष्ट असलेले फॉल्टहँडलर हे घटक-साधन कोसळण्याच्या क्षणी कोणते फंक्शन चालू होते याची वाट छापते. पण त्या क्षणी स्मृतीचा भरवसा नसल्याने ते फक्त आस्की ह्या मूळ रोमी संचातील चिन्हेच वापरते. म्हणजे एरवी देवनागरीत दिसणारे फंक्शनचे नाव नेमके अडचणीच्या वेळी पुन्हा अंकांच्या रांगेत बदलते. म्हणून तपासायचा मजकूर देवनागरीत आणि चाचण्यांची नावे रोमीत ठेवणे, हीच वाटणी सध्या व्यवहार्य ठरते.