अमेरिकन राज्यघटना व ख्रिस्ती धर्म

अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांचें राज्य ख्रिस्ती धर्माच्या पायावर उभारलें गेलें, कीं धर्मापासून अलिप्त अशा बुद्धिवादाच्या पायावर, हा वाद त्या देशांत फार जुना आहे व अद्यापि मिटलेला नाहीं. एक पक्ष म्हणतो कीं, त्या राष्ट्राचे जनक श्रद्धावान् ख्रिस्ती होते, त्यांच्या वसाहतींचा जन्म बायबलाच्या छायेंत झाला, तेव्हां तेथील राज्यकारभारावर त्या धर्माची मुद्रा असणें न्याय्यच होय. दुसरा पक्ष म्हणतो कीं, ते जनक युरोपांतील नव्या तत्त्वज्ञानाचे शिष्य होते, आणि त्यांनीं धर्मास राजद्वाराबाहेर ठेविलें तें धर्मावरील अविश्वासामुळें. दोन्ही पक्षांजवळ पुराव्याची वाण नाहीं. आणि म्हणूनच केवळ अवतरणांची फेंकाफेंक करून हा वाद संपण्यासारखा नाहीं. आमच्या मतें या प्रकरणांत विचारावयाचा मुख्य प्रश्न वेगळाच आहे. राज्य आणि धर्म यांची फारकत अमेरिकेंत झाली. पण ती मागितली कोणीं? या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलें असतां दोन्ही पक्षांच्या समजुतींस धक्का बसतो.

प्रथम कागदपत्रें पाहूं. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यांत सृष्टिकर्त्या ईश्वराचा उल्लेख आहे, जगाच्या परमश्रेष्ठ न्यायाधीशास आवाहन आहे, दैवी कृपेवर भरंवसा आहे. परंतु ख्रिस्ताचें नांव नाहीं. अकरा वर्षांनीं, १७८७ च्या उन्हाळ्यांत, फिलाडेल्फिया येथें राज्यघटना तयार झाली. तींत तर ईश्वराचाही धांवा नाहीं. अखेरच्या मितींत ‘आमच्या प्रभूच्या वर्षीं’ अशी रूढ शब्दयोजना आहे, आणि विधेयकावर विचार करण्यास अध्यक्षास जी दहा दिवसांची मुदत दिली आहे तींतून रविवार वगळला आहे. एवढाच काय तो ख्रिस्ती आचाराचा अवशेष. उलट सहाव्या कलमांत अशी स्पष्ट आज्ञा आहे कीं, संयुक्त संस्थानांच्या कोणत्याही अधिकारपदासाठीं धर्माची कसोटी कधींही लावली जाऊं नये. त्याच सभेंत २८ जून रोजीं, वादविवाद विकोपास जात असतां, ८१ वर्षांच्या बेंजामिन फ्रँकलिननें रोज प्रार्थनेनें कामास आरंभ करावा अशी सूचना आणिली; तिच्यावर मतही न घेतां सभा उठली. आश्चर्य हें कीं, ही सूचना आणणारा फ्रँकलिन ख्रिस्ताच्या देवत्वाविषयीं स्वतः साशंक होता, आणि ती बाजूस सारणाऱ्या मंडळींत नेमानें देवळांत जाणारे गृहस्थ होते. तेव्हां कोण श्रद्धावान् आणि कोण साशंक एवढ्यावरून कोणाचें मत कोणीकडे पडेल, हें या इतिहासांत ओळखतां येत नाहीं.

याचें कारण समजण्यासाठीं दीडशें वर्षें मागें जावें लागतें. इंग्लंडांतील राजधर्माचा जाच चुकविण्याकरितां जे प्युरिटन लोक समुद्र ओलांडून मॅसॅच्युसेट्समध्यें आले, ते धर्मस्वातंत्र्यासाठीं आले असें सामान्यतः म्हटलें जातें. तें अर्धेंच खरें आहे. त्यांस स्वतःच्या धर्माचें स्वातंत्र्य हवें होतें. दुसऱ्याच्या धर्माचें नव्हे. १६३१ मध्येंच त्यांनीं असा नियम केला कीं, जो त्यांच्या ख्रिस्तमंडळीचा सभासद असेल त्यासच मताचा अधिकार. रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकानें, मनुष्याच्या ईश्वरविषयक कर्तव्यांत दंडाधिकाऱ्यास हात घालण्याचा अधिकार नाहीं असें प्रतिपादन केलें, तेव्हां १६३५ मध्यें त्यास हद्दपारीची शिक्षा झाली. ऐन हिंवाळ्यांत तो अरण्यांत शिरला आणि १६३६ मध्यें त्यानें प्रॉव्हिडन्स ही वसाहत स्थापिली. पुढें मेरी डायर नांवाच्या क्वेकर पंथाच्या स्त्रीस, हद्दपार केलें असतांही परत आली एवढ्या अपराधाबद्दल, १६६० मध्यें बोस्टन येथें फांशीं देण्यांत आलें. विल्यम्स हा अश्रद्ध होता काय? मुळींच नाहीं. त्याची श्रद्धा इतकी कडक होती कीं, राज्याच्या स्पर्शानें ती विटाळेल अशी त्यास भीति वाटे. ख्रिस्तमंडळी ही बाग, जग हें रान, आणि दोहोंमधील कुंपण मोडलें कीं बागेचें रान होतें, असा त्याचा विचार होता. राज्य व धर्म यांमधील भिंतीची कल्पना अमेरिकेंत प्रथम अशा रीतीनें, बागेच्या रक्षणासाठीं, निघाली.

आतां व्हर्जिनियाकडे वळूं. कारण या प्रश्नाचा निर्णायक लढा त्या संस्थानांत झाला. तेथें इंग्लंडचें चर्च हेंच राजमान्य होतें. त्याच्या धर्मोपदेशकांचें वेतन तंबाखूंत दिलें जाई, दरसाल १६,००० पौंड तंबाखू. आणि हा भार अन्यपंथीयांसही सोसावा लागे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथें बाप्टिस्ट पंथाचा प्रसार झाला. त्यांचे उपदेशक बहुधा अल्पशिक्षित, गरीब, पण तळमळीचे. ईश्वराचा शब्द सांगण्यास सरकारचा परवाना कशास पाहिजे, असें म्हणून ते परवान्यावांचून उपदेश करीत व तुरुंगांत जात. कित्येकांनीं तुरुंगाच्या गजांआडून बाहेर जमलेल्या लोकांस उपदेश चालू ठेविला. जानेवारी १७७४ मध्यें बावीस वर्षांचा जेम्स मॅडिसन आपल्या मित्रास लिहितो कीं, शेजारच्या परगण्यांत पांचसहा सज्जन माणसें केवळ धर्ममतें प्रसिद्ध केल्याबद्दल बंदींत पडलीं आहेत, आणि हें पाहून आपला धीर सुटत आहे. पुढें घटनेचा शिल्पकार म्हणून जो गाजला, त्याच्या मनांत या प्रश्नाचें बीज तत्त्वज्ञांच्या ग्रंथांइतकेंच या तुरुंगांनीं पेरलें.

१७७६ मध्यें व्हर्जिनियाचा हक्कांचा जाहीरनामा तयार होत असतां मूळ मसुद्यांत धर्माच्या बाबतींत पूर्ण ‘सहिष्णुता’ असावी असे शब्द होते. मॅडिसननें ते बदलवून धर्माचें मुक्त आचरण हा सर्वांचा सारखाच अधिकार आहे असें घालविलें. वरवर पाहतां हा शब्दांचा भेद क्षुल्लक वाटेल. पण सहिष्णुता ही देणाऱ्याची कृपा असते आणि कृपा परत घेतां येते. अधिकार हा मुळांत ज्याचा त्याचा असतो.

खरी कसोटी १७८४ मध्यें लागली. पॅट्रिक हेन्री या थोर वक्त्यानें, ख्रिस्ती धर्मशिक्षकांच्या योगक्षेमासाठीं सर्वांवर कर बसवावा, मात्र तो कोणत्या पंथास जावा हें ज्याचें त्यानें ठरवावें, अशी योजना पुढें आणिली. योजना दुष्ट नव्हती. युद्धानंतर लोकांची नीति ढांसळत आहे, देवळें ओस पडत आहेत, अशी हेन्रीची खंत होती. आणि जो तो आपल्याच पंथास देणार, मग अन्याय कसला, असा युक्तिवाद होता. खुद्द जॉर्ज वॉशिंग्टन यासही त्यांत तत्त्वतः कांहीं गैर दिसलें नाहीं. मॅडिसननें १७८५ मध्यें पंधरा मुद्द्यांचा अर्ज लिहून या योजनेस विरोध केला. त्यांतील मर्म असें कीं, जी सत्ता आज इतर धर्मांस वगळून ख्रिस्ती धर्म प्रस्थापित करूं शकते, तीच उद्यां इतर पंथांस वगळून एकाच ख्रिस्ती पंथाची प्रस्थापना करूं शकेल. शिवाय ज्या धर्माचा प्रसार प्रथम राजसत्तेच्या आश्रयावांचून, किंबहुना तिच्या विरोधास न जुमानतां झाला, त्यास तिच्या टेंकूची गरज आहे असें म्हणणें हा त्या धर्माचाच अवमान होय.

येथें वाचकांनीं एक गोष्ट विशेषतः ध्यानांत घ्यावी. मॅडिसनचा अर्ज आज ग्रंथांतरीं अजरामर झाला आहे. परंतु त्या काळीं त्याच्यापेक्षां अधिक सह्या पडल्या त्या एका दुसऱ्याच अर्जावर, आणि त्या अर्जांतील विरोधाचा आधार होता ख्रिस्ताच्या शिकवणीचा. जो प्रभु आपलें राज्य या जगाचें नाहीं असें म्हणाला, त्याच्या नांवानें जगाच्या राजानें कर उकळूं नये, असा या श्रद्धाळू लोकांचा आग्रह होता. बाप्टिस्ट आरंभापासून विरुद्ध होतेच. प्रेस्बिटेरियन उपदेशक प्रथम डळमळले, पण १७८५ मध्यें त्यांनींही विरोध जाहीर केला. हेन्री मध्यंतरीं गव्हर्नर होऊन कायदेमंडळाबाहेर गेला होता. त्याची योजना बारगळली, आणि जानेवारी १७८६ मध्यें टॉमस जेफर्सननें पूर्वींच लिहून ठेविलेला धर्मस्वातंत्र्याचा कायदा मॅडिसननें मंजूर करून घेतला. त्याच्या प्रस्तावनेंत येशू ख्रिस्ताचें नांव घालावें अशी दुरुस्ती आली होती. ती मोठ्या बहुमतानें फेटाळली गेली. जेफर्सननें आपल्या आत्मचरित्रांत यावर असें भाष्य केलें आहे कीं, या कायद्याच्या आश्रयाखालीं यहुदी, ख्रिस्ती, मुसलमान, हिंदु आणि कोणताच धर्म न मानणारा, हे सर्व यावे असा त्यावरून हेतु सिद्ध होतो. हजारों कोसांवरील त्या कायद्याच्या अर्थांत हिंदूंचेंही नांव यावें, याचें आपणांस अगत्य वाटल्यावांचून राहणार नाहीं.

राष्ट्रीय घटनेच्या मंजुरीच्या वेळींही हाच प्रकार दिसतो. १७८८ मध्यें मॅसॅच्युसेट्सच्या सभेंत कांहीं सभासदांनीं आक्षेप घेतला कीं, धर्माची कसोटी नसेल तर अख्रिस्ती मनुष्यही अधिकारावर येईल. त्यास उत्तर देण्यास उठला तो आयझॅक बॅकस नांवाचा बाप्टिस्ट धर्मोपदेशक. धर्म ही ईश्वर आणि व्यक्ति यांमधील गोष्ट आहे, आणि धर्माच्या कसोट्या हें जुलमाचें आजवरचें सर्वांत मोठें यंत्र ठरलें आहे, असें त्यानें सांगितलें. हें त्याचें पुस्तकी ज्ञान नव्हतें; चर्चचा कर देण्याचें नाकारल्याबद्दल त्याच्या विधवा आईस १७५२ मध्यें कनेक्टिकटांत तुरुंगांत घातलें होतें. इकडे व्हर्जिनियांत मॅडिसन काँग्रेसच्या निवडणुकीस जेम्स मन्रोविरुद्ध उभा राहिला, तेव्हां जानेवारी १७८९ मध्यें त्यास एका बाप्टिस्ट उपदेशकास पत्र लिहून हक्कसंरक्षक दुरुस्त्यांचें आश्वासन द्यावें लागलें. तो निवडून आला व त्यानें शब्द पाळिला. धर्माच्या प्रस्थापनेविषयीं काँग्रेसनें कायदा करूं नये आणि धर्माचरणास बंदी करूं नये, ही १७९१ ची पहिली दुरुस्ती त्या आश्वासनाचें फळ होय.

या सर्व कथेचें चित्र एका आठवड्यांत पाहावयास मिळतें. १ जानेवारी १८०२ रोजीं अध्यक्ष जेफर्सननें डॅनबरी येथील बाप्टिस्टांच्या पत्रास उत्तर देतांना राज्य व धर्म यांमधील भिंतीची ती सुप्रसिद्ध उपमा वापरिली. त्याच दिवशीं जॉन लेलंड हा बाप्टिस्ट उपदेशक मॅसॅच्युसेट्समधील चेशायर गांवच्या शेतकऱ्यांनीं केलेलें १,२३५ पौंडांचें, म्हणजे आपल्या जुन्या ८२ पौंडी मणानें सुमारें पंधरा मणांचें, एक अवाढव्य चीज घेऊन अध्यक्षांच्या दारीं उभा राहिला. जेफर्सनच्या विरोधकांनीं ज्यास नास्तिक म्हणून हिणविलें होतें, त्यास देशांतील अत्यंत भाविक माणसांनीं दिलेली ही भेट होती. आणि दोन दिवसांनीं, रविवारीं, लेलंडनें काँग्रेसच्या सभागृहांतच उपदेश केला व जेफर्सन तो ऐकावयास हजर होता. याचा उपयोग आज दोन्ही पक्ष करितात: एक भिंतीकडे बोट दाखवितो, दुसरा उपदेशाकडे. आमच्या मतें त्यांत मोठासा विरोध नाहीं. तेथें जेफर्सन आपखुशीनें गेला होता. कोणासही यावें म्हणून आज्ञा नव्हती. तथापि राष्ट्राचे जनक या बाबतींत सर्वथा सुसंगत होते असें मात्र नव्हे. १७८९ पासून काँग्रेस सरकारी वेतनावर धर्मोपदेशक नेमीत आली आहे, आणि ही चूक झाली असें उत्तरवयांत मॅडिसननेंच लिहून ठेविलें आहे.

शिवाय पहिल्या दुरुस्तीचें बंधन त्या काळीं केवळ राष्ट्रीय सरकारावर होतें. कनेक्टिकटांत राजमान्य चर्च १८१८ पर्यंत व मॅसॅच्युसेट्समध्यें १८३३ पर्यंत टिकलें. मेरीलँडमध्यें यहुदी मनुष्यास अधिकारपद मिळण्यास १८२६ साल उजाडावें लागलें. कनेक्टिकटांतील राजाश्रय गेला तेव्हां लायमन बीचर या नामांकित उपदेशकास आकाश कोसळल्यासारखें झालें. परंतु पुढें त्यानेंच कबूल केलें कीं, त्या संस्थानाच्या इतिहासांत याहून हितकर दुसरें कांहीं घडलें नाहीं, कारण ख्रिस्तमंडळ्या आतां स्वतःच्या बळावर उभ्या राहूं लागल्या. आपल्या प्रांतासही या स्वयंसेवी धर्मोत्साहाचा अनुभव आहे. १८१३ मध्यें मुंबईस उतरलेले गॉर्डन हॉल आणि त्यांचे सोबती, आणि पुढें १८४२ मध्यें अहमदनगरास ‘ज्ञानोदय’ काढणारें अमेरिकन मिशन, यांचा भार सरकारी खजिन्यावर नव्हता. तो न्यू इंग्लंडांतील सामान्य भाविकांच्या वर्गणीवर होता. त्यांच्या धर्मांतराच्या हेतूविषयीं मतभेद असूं शकेल. पण श्रद्धेस राजदंडावांचूनही पाय फुटतात, एवढें त्यावरून दिसून येतें.

येथें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. राज्यापासून मुक्त झालेला धर्म आपोआप न्यायी होतो असें नाहीं. लेलंडनें व्हर्जिनियांतील बाप्टिस्टांकडून गुलामगिरीच्या निषेधाचा ठराव करून घेतला होता. परंतु १८४५ मध्यें दक्षिणेकडील बाप्टिस्ट गुलामगिरीच्याच प्रश्नावरून आपल्या उत्तरेकडील बंधूंपासून वेगळे झाले, आणि तीच बायबल गुलामांच्या मालकांनीं व मुक्तिवाद्यांनीं परस्परांविरुद्ध उगारली. धर्मस्वातंत्र्याचा थोर कायदा करणारे जेफर्सन व मॅडिसन हे स्वतः शेंकडों गुलामांचे धनी होते, हेंही विसरून चालणार नाहीं.

ज्या खुणांकडे बोट दाखवून आज अमेरिकेस ख्रिस्ती राष्ट्र म्हटलें जातें, त्यांपैकीं ठळक खुणा राष्ट्रजनकांच्या नव्हेतच. नाण्यावरील ईश्वरावरच्या विश्वासाचें वाक्य १८६४ चें, म्हणजे यादवी युद्धांतलें. त्यास राष्ट्रीय ब्रीदाचा मान मिळाला १९५६ मध्यें. आणि ध्वजप्रतिज्ञेंत ईश्वराचें नांव शिरलें १९५४ मध्यें, रशियाशीं चाललेल्या शीतयुद्धाच्या भरांत. भयाच्या काळीं राष्ट्रें देवाचें नांव मोठ्यानें घेतात. तो मनुष्यस्वभावच आहे.

तात्पर्य, अमेरिकेच्या उभारणींत ख्रिस्ती श्रद्धेचा वाटा नव्हता असें म्हणणें इतिहासास धरून नाहीं, आणि त्या श्रद्धेनें राज्यावर हक्क सांगितला असें म्हणणें तर त्याहूनही नाहीं. तिचा सर्वांत मोठा वाटा हाच कीं, तिच्यांतील कांहीं निष्ठावंतांनीं तुरुंग सोसून राज्यास सांगितलें, ‘आमच्या देवास तुझ्या मदतीची गरज नाहीं.’ ज्या धर्माचे अनुयायी असें म्हणूं शकतात त्यास राजाश्रय गेल्याचें भय नसतें. ज्यांस तें म्हणवत नाहीं, त्यांनीं आपल्या श्रद्धेची परीक्षा आधीं करावी.