मुद्रा, मोर्तब आणि पुरंदर

तुकोबांची पालखी लोणी काळभोरहून यवतकडे निघते, तेव्हा कासुर्डीच्या वाटेवर ‘तुका म्हणे’ दिवसभर कानी पडते. अभंगातल्या या सहीला आपण नाममुद्रा म्हणतो. कासुर्डीच्या नैर्ऋत्येला पुरंदरगड आहे. पुरंदरदास (परंपरेने १४८४–१५६४) मूळचे तिथले, अशी जुनी समजूत. त्यांच्या कन्नड पदांच्या शेवटी ‘पुरंदर विठ्ठल’ येते, आणि त्या खुणेला कन्नडात ‘अंकित’ म्हणतात.

‘मुद्रा’ अस्सल संस्कृत वाटतो. मुद् म्हणजे आनंदणे, त्यावरून तांत्रिकांनी त्याची व्युत्पत्तीही लावली. पण ती मागाहून जुळवलेली दिसते. शब्द प्राचीन इराणीतून आला असावा. फारसी ‘मुहर’ आणि आपली ‘मोहोर’ त्याच कुळातल्या. (आंब्याचा मोहोर निराळा.) एक शब्द फार पूर्वी संस्कृतात मुरला, दुसरा सुलतानी अमलात दरबारातून आला, आणि दोघांनीही ठसा व नाणे हे दोन्ही अर्थ सांभाळले. सावकारी सोडून पुरंदरदास झालेल्या श्रीनिवास नायकांच्या आयुष्यात ते दोन्ही अर्थ पुढेमागे आले.

‘अंकित’चे मराठीत काय झाले पाहा. ‘तो तिचा अंकित’ म्हणजे ताब्यातला. अंक म्हणजे खूण. जनावराला डाग देऊन मालकी दाखवत, त्यातून हा अर्थ वळला असावा. माध्व संप्रदायात आषाढी एकादशीला शंख-चक्रांचे धातूचे ठसे होमाग्नीत तापवून दंडावर उमटवतात. ती तप्तमुद्रा. व्यासतीर्थांचे शिष्य पुरंदरदास याच संप्रदायातले, तेव्हा दंडावरच्या मुद्रेला आणि पदातल्या अंकिताला एकच भाव असावा: मी कुणाचा, हे सांगण्याचा.

दफ्तरी भाषेत याला जोड सापडते. पत्राच्या माथ्यावर शिक्का, तळाशी मोर्तब. ‘मोर्तब सुद’ म्हणजे फारसी ‘मुरत्तब शुद’, लेख पुरा झाला. पदातली मुद्रा शेवटच्या चरणात येते, म्हणून तिला मोर्तब म्हणणे मला फार नेमके वाटते. शायराची अशीच नाममुद्रा म्हणजे ‘तखल्लुस’; तो शब्द अरबी ख-ल-स धातूचा, सुटकेचा. आपले ‘खलास’, ‘खुलासा’ त्याचेच, आणि कागदाच्या शेवटी लिहिली जाणारी ‘मखलाशी’ही त्यातलीच असावी.

पुरंदरदासांच्याच काळात युरोपात जोस्कँ दे प्रे (मृत्यू १५२१) या संगीतकाराने ‘इल्लिबाता देई विर्गो नुत्रिक्स’ या मरियास्तोत्रात ओळींच्या आद्याक्षरांतून आपले नाव गुंफले. ती मुद्रा कागदावर वाचणाऱ्यालाच दिसते. ऐकणाऱ्याच्या कानी पडत नाही. आपल्याकडची मुद्रा मात्र गाऊनच उमटते.

आता ‘पुरंदर’. पुर् म्हणजे तटबंदी, दृ म्हणजे फोडणे. वेदात हे इंद्राचे बिरुद. गड फोडणाऱ्याचे नाव गडालाच मिळाले, हे मोठे गोड आहे. पण ‘पुरंदर विठ्ठल’चा विग्रह कसा करायचा? ‘पुरंदरचा विठ्ठल’ म्हटले की जन्मगाव पुरंदरगड ठरते. गडाच्या समजुतीला या षष्ठीचाच आधार मिळाला असावा. कर्नाटकातले काही अभ्यासक तीर्थहळ्ळीकडचे क्षेमपुर सांगतात. ‘पुरंदर असा विठ्ठल’ हा कर्मधारय घेतला, तर गावाचा प्रश्नच उरत नाही. नाव दीक्षेत मिळालेले, गुरूने दिलेले. म्हणून मला कर्मधारयच अधिक सयुक्तिक दिसतो.